अकरा अंश

वानखडे सरांचं पत्र सभ्य होतं, पंचाईत तीच होती. कुणी आरडाओरड केली असती तर शलाकानं गोड शब्दांत उत्तर पाठवून विषय मिटवला असता. त्यात ती आता तरबेज झाली होती. पण अकोल्याच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या या कवायत शिक्षकांनी मुद्देसूद लिहिलं होतं आणि त्यांचा प्रत्येक मुद्दा बरोबर होता.

'महोदया, आपला "वेढा" हा खेळ मी आणि माझे तीन निवृत्त सहकारी दर रविवारी खेळतो. माझ्याकडे एकशे बारा सैनिक आहेत. मी छत्तीस वर्षं कवायत शिकवली. सावधान म्हटल्यावर मान कुठे असावी हे मला कळतं. आपल्या एकशे बारांपैकी एकाचीही मान सरळ नाही. सगळे किंचित उजवीकडे वळलेले. खेळाचा नियम असा की सैनिकाचा चेहरा जिकडे, तिकडचंच त्याला दिसतं. मग भाला समोर आणि नजर बाजूला, तर त्याला शत्रू दिसला की नाही? यावरून आमची दर रविवारी भांडणं होतात. मागच्या रविवारी देशमुख गुरुजी चहा न घेता गेले. तरी यापुढे "हाता"नं माना सरळ घडवाव्यात, असा ठराव मी मांडत आहे.'

ठरावाखाली दोन दिवसांत चार हजार लोकांनी अनुमोदन दिलं होतं. मतदान आठ दिवसांनी.

शलाका आधी हसली, कारण देशमुख गुरुजी चहाविना गेले हे तिला डोळ्यांपुढे दिसलं. मग हसू ओसरलं. ती कपाटाशी गेली आणि तिथं मांडलेल्या इंचभर उंचीच्या सैनिकांकडे बघत बसली. सगळ्यांच्या माना उजवीकडे, सगळ्यांचा डावा कान थोडा पुढं. कुणीतरी हळू आवाजात काही सांगतंय आणि ते ऐकतायत, असे उभे.

'वेढा' हा किल्ल्याच्या लढाईचा खेळ. तो शलाकाच्या नवऱ्यानं, निरंजननं, २०३६ साली कराडला काढला. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या मावळ्यांना तिकडं 'चित्रं' म्हणतात, आणि निरंजनच्या घरात तीन पिढ्या चित्रंच घडवत होत्या. खेळासाठी भांडवल नव्हतं, म्हणून त्यानं इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली. आवाहनात पहिलीच ओळ मोठ्या अक्षरांत होती : 'ज्यानं माती आणली, त्याला मत.'

ही ओळ त्यानं कुठल्या पुस्तकातून उचललेली नव्हती. त्याच्या गल्लीत किल्ल्याचा तोच कायदा होता. नदीकाठची पाटीभर माती जो आणेल त्याला किल्ल्याबद्दल बोलायचा हक्क, मग तो पहिलीतला असो की दहावीतला. दरवाजा कुठं, तळं कुठं, अळीव कुठल्या उतारावर पेरायचे, सगळं हात वर करून ठरायचं. एका वर्षी बहुमतानं किल्ल्याला तीन तळी आणि बुरूज एकही नाही असं ठरलं, आणि पोरांनी इमानेइतबारे तसाच किल्ला बांधला. शेजारच्या गल्लीनं महिनाभर टिंगल केली, तरी कायदा मोडला नाही.

खेळातही निरंजननं तो मोडला नाही. बावीस हजार वर्गणीदार झाले. सैनिकाच्या पागोट्यापासून तोफेच्या पल्ल्यापर्यंत सगळं मतानं ठरायचं, आणि निरंजनचं स्वतःचंही एकच मत धरलं जायचं. बहुतेक वेळा तो हरायचा. हरला की खूश व्हायचा.

आता 'हाता'बद्दल सांगायला हवं.

२०३८ साली निरंजनला रक्ताचा कर्करोग झाला आणि डॉक्टरांनी दीड वर्षाची मुदत दिली. त्या सुमारास पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत एक नवी गोष्ट साधली होती. त्यांनी निरंजनच्या दंडावरची मसुराएवढी त्वचा काढली. तिच्यातल्या पेशींना रसायनं देऊन मागं नेलं, म्हणजे गर्भात असताना पेशी जशा कुठल्याच कामाला लागलेल्या नसतात तशा केल्या, आणि मग त्यांना चेतापेशींच्या वाटेला लावलं. अशा आठ लाख पेशी रुपयाएवढ्या काचेच्या चकतीवर वाढल्या. चकतीत केसाहून बारीक हजारो तारा होत्या. निरंजन संवेदक शिवलेला हातमोजा घालून मेणाचे सैनिक घडवायचा, आणि त्याच्या बोटांची प्रत्येक हालचाल, दाब, थरथर त्या तारांतून पेशींपर्यंत जायची. चौदा महिन्यांत पेशी शिकल्या. तो गेल्यावर त्यांना दोन सडपातळ पोलादी बाहू जोडले, पुढ्यात मेण ठेवलं, आणि पहिला सैनिक तयार झाला तेव्हा शलाकाला आपण उभ्या आहोत की बसल्या आहोत हेही कळेना. तो सैनिक निरंजनचाच होता.

पेशींना बक्षीस आणि शिक्षा कळते ती अशी. तालात येणारा, अपेक्षित असा विजेचा स्पंद त्यांना मानवतो. बेताल गोंगाट नकोसा होतो आणि तो टाळण्यासाठी त्या आपली वागणूक बदलतात. नव्या सैनिकाचं छायाचित्र वर्गणीदारांकडे जायचं, त्यांची पसंती आली की पेशींना ताल मिळायचा, नापसंती आली की गोंगाट. निरंजनच्या कायद्यात हे चपखल बसत होतं.

फक्त एक अडचण होती. संगणकातल्या माहितीची नक्कल काढून ठेवता येते, जिवंत पेशींची येत नाही. त्यांचं शिक्षण त्यांच्या एकमेकींशी जुळलेल्या धाग्यांमध्ये असतं. नवं शिकताना ते धागे सुटतात आणि दुसरीकडे जुळतात. एकदा सुटलेला धागा कुठं होता हे मग कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून शलाका दर तिसऱ्या दिवशी स्वतः कारखान्यात येऊन, ती चकती ठेवलेल्या काचपेटीतलं पोषणद्रव्य बदलायची. ते काम तिनं कुणाला करू दिलं नाही.

इरफान मुजावर सकाळी कारखान्यात आला तेव्हा ती अजून कपाटाशीच होती. इरफान निरंजनचा पहिलीपासूनचा दोस्त. मेणाच्या मूळ सैनिकांवरून साचे काढून रेझिनचे सैनिक ओतायचं सगळं खातं त्याच्याकडे.

"वहिनी, पत्र वाचलं," तो म्हणाला. "मी काल सगळ्या माना मोजल्या. कोनमापक लावून. अकरा अंश. निरंजननं केलेल्यापण अकरा आणि हातानं केलेल्यापण अकरा. एकदोन इकडंतिकडं नाहीत ओ, बरोबर अकरा. मला तर कधी दिसलंच नव्हतं."

"मला दिसलं होतं."

"मग? सरळ करून टाकू की. मास्तर बोलतोय ते खरंय. दीड महिना गोंगाट दिला की शिकेल हात."

शलाकानं एक सैनिक उचलला आणि मुठीत धरला. इरफाननं तिच्याकडे नीट पाहिलं आणि स्टूल ओढून बसला.

"काय झालं?"

निरंजनला सातव्या वर्षी गालगुंड झालं होतं आणि त्यात उजवा कान कायमचा गेला होता. घरी आईला माहीत होतं, ती गेली. त्यानंतर एकट्या शलाकाला. तिलाही लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं. स्कूटरवर मागं बसून तिनं त्याच्या उजव्या खांद्यावरून, लाजत लाजत, "आपल्याकडे पाहुणा येणार आहे" असं सांगितलं, तर तो म्हणाला, "हो, आणूया की दोन किलो." ती आठवडाभर रुसली. शेवटी त्यानं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. लोक मोठ्यानं बोलायला लागतात."

पाहुणा पुढं आला नाही. पाचव्या महिन्यात गेला, आणि दुसरा कधी आला नाही. तेव्हापासून दोघंच, आणि ती कायम त्याच्या डाव्या अंगाला. चालताना, जेवताना, दवाखान्यातल्या खाटेपाशीसुद्धा. ती बोलायला लागली की तो मान एवढीशी उजवीकडे वळवायचा आणि चांगला कान पुढं करायचा. तीच मान त्याच्या बोटांत उतरली होती. घडवताना त्याला ते कळतही नसे.

हे सगळं तिनं इरफानला सांगितलं.

"आमचा बाबा गेला त्या दिवशी मी ह्याला एसटी स्टँडवर गाठलं होतं," तो म्हणाला. "गर्दी, गाड्या. मी ह्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, बाबा गेला. तर हा हसला ओ. हसून मान हलवली. मी आठ महिने बोललो नव्हतो त्याच्याशी. आठ महिने, वहिनी. आणि त्यानं मला सांगितलं नाही."

"त्याला भीती वाटायची."

"माझी?"

इरफाननं डोळे पुसले, नाक ओढलं आणि कामाच्या आवाजात म्हणाला, "दोन रस्ते आहेत. एक, मतं माझ्याच हातात येतात. चार-पाच हजार इकडची तिकडं केली तर कुणाच्या बापाला कळणार नाही."

"नाही."

"मला ठाऊक होतं नाही म्हणाल. मग दुसरा. लोकांना खरं सांगा. एक माणूस मान सरळ करा म्हणणार नाही."

"इरफानभाऊ, त्यानं सांगू नको म्हटलं होतं."

"आता कोण त्याच्याशी मोठ्यानं बोलणार आहे?"

सहा दिवस तिनं ते वाक्य मनात घोळवलं. शब्द पाळावा तर मान जाते. मान राखावी तर शब्द जातो. आणि दुसरा शब्द, बावीस हजार लोकांना दिलेला, तो तर मोडायचाच नाही. सातव्या दिवशी दुपारी तिनं लिहायला घेतलं आणि तासाभरात लिहून टाकलं. गालगुंड, स्कूटर, दोन किलो, डावी बाजू, सगळं. शेवटी लिहिलं, 'मत तुमचं आहे. मी फक्त एवढंच सांगते, की ती चूक नाही, तो माझा नवरा आहे.'

ठराव पडला. बाजूनं एक्केचाळीस मतं, विरोधात एकवीस हजारांच्या वर. वानखडे सरांनी मतदानाआधीच ठराव मागं घ्यायचा प्रयत्न केला होता, पण नियमानं मांडलेला ठराव मागं घेता येत नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच्याच ठरावाविरुद्ध मत टाकलं. त्यांचं पत्र आलं : 'ताई, छत्तीस वर्षांत मी कितीतरी पोरांना "मान सरळ" म्हणून ओरडलो असेन. त्यातल्या कुणाकुणाचा कान गेला असेल, मी कधी विचारलं नाही.' ते वाचून शलाका रडकुंडीला आली. चांगल्या माणसांच्या हातात आपण निरंजनला सोपवलंय, असं तिला वाटलं, आणि तिची झोप परत आली.

पुढचा सैनिक तयार झाला. छायाचित्र गेलं. एरवी सात-आठ हजार पसंत्या यायच्या, या वेळी एकवीस हजार आल्या. चकतीला असा लांबलचक ताल कधीच मिळाला नव्हता.

पेशींना बिचाऱ्यांना काय कळणार की लोकांना कर्णा आवडला, तलवार आवडली, की मान? पण जिथं मान जरा जास्त वळली तिथं ताल आणखी लांबला, आणि तेवढं त्यांना पुरलं.

"तेरा," इरफान महिन्यानं म्हणाला. त्याच्या पुढच्या खेपेला, "सोळा."

बाविसाव्या अंशाला सैनिकांचे खांदे मानेमागं ओढले जाऊ लागले. एका तोफचीनं एक तळहात कानाशी नेला. लोक हरखले. 'ऐकणारे सैनिक' म्हणून खेळाची कीर्ती झाली, नवे वर्गणीदार आले. निरंजनच्या नावानं कुणी कविता केल्या, कुणी आपल्या बहिऱ्या काकांच्या आठवणी लिहिल्या. प्रत्येकाला निरंजन आपल्या घरचा वाटायला लागला, आणि घरच्या माणसाचे जसे आपण लाड करतो तसे लोक त्याचे लाड करू लागले.

शलाकानं हात जोडून विनंती लिहिली : 'मानेवर एवढं प्रेम करू नका. त्याची मान फार थोडी वळायची. कुणाच्या लक्षातही येऊ नये इतकीच.' त्या विनंतीलाही एकोणीस हजार पसंत्या आल्या. खाली लोकांनी लिहिलं, 'किती सुंदर लिहिलंत, ताई.'

"गोंगाट देऊन परत अकरावर आणू," इरफान म्हणाला. "तुम्ही ठराव मांडा. तुमचं कोण नाही ऐकणार?"

"आणाल. पण ते अकरा आपण शिकवलेले असतील. त्याचे धागे सुटले ते सुटले."

"मग बंदच करायचा ठराव मांडा."

"कोण मत देईल त्याला? तुम्ही द्याल?"

इरफान साच्याच्या कडा तासत राहिला.

श्रावणात वानखडे सरांनी पुन्हा एक ठराव मांडला. पहिल्या ठरावाची टोचणी त्यांच्या मनातून गेली नव्हती, भरपाई म्हणून काहीतरी करावं असं त्यांना फार वाटत होतं. हातानं शलाकाताईंचं चित्र घडवावं. सैनिकाच्या कानाशी बोलणारी बाई. निरंजनरावांच्या हातून त्यांची पत्नी घडावी, हीच खरी श्रद्धांजली. एकही विरोधी मत न पडता ठराव मंजूर झाला. शलाकानं मत दिलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिला लोभ झाला. निरंजननं तिला कधी घडवलं नव्हतं. "तुझं नाक जमत नाही," म्हणून टाळायचा. आठ लाख पेशींत, न सुटलेल्या एखाद्या धाग्यात आपण असू, असं तिच्या मनानं घेतलं. हाताला चार दिवस लागले. ते चार दिवस ती लग्न ठरलेल्या मुलीसारखी घरात हिंडत होती, आणि तिचं तिलाच हसूही येत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी इरफाननं मेणाचं चित्र तिच्या तळहातावर ठेवलं.

काम सुबक होतं. निऱ्या, पदर, केसांचा अंबाडा, सगळं मापात. नाक कुणाचंही असावं असं होतं. सैनिक मान वाकडी करून, कान पुढं काढून उभा होता. त्याच्याशेजारची बाईसुद्धा मान वाकडी करून, कान पुढं काढून उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते. दोघंही ऐकत होती आणि बोलत कुणीच नव्हतं.

आणि बाई त्याच्या उजव्या अंगाला उभी होती.

शलाकानं चित्र फिरवून पाहिलं. आपण उलटं धरलंय का म्हणून पुन्हा पाहिलं. सतरा वर्षांच्या संसारात ती एकदा, फक्त एकदा, त्या स्कूटरवर, त्या बाजूनं बोलली होती. निरंजनच्या बोटांत निरंजनचं काहीही उरलं असतं, तर ती बाई तिथं उभी राहिली नसती.

"वहिनी?"

"छान झालंय," शलाका म्हणाली. "पाठवा लोकांना."

"पाठवू?"

"त्यांनी मागितलंय. त्यांचं आहे." तिनं चित्र अलगद टेबलावर ठेवलं. काचपेटीच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेतून सोडवला आणि त्याच्या शेजारी ठेवला. "पेटीतलं पाणी आजपासून तुम्ही बदला. दर तिसऱ्या दिवशी, सदतीस अंशांवर कोमट करून. चुकवू नका. लोकांनी त्याला जगवायचं ठरवलंय, तर तो जगला पाहिजे. मी आता येणार नाही."

"तुम्ही येणार नाही म्हणजे? लोकांना काय सांगू मी?"

निरंजन ज्या दिवशी गेला त्या संध्याकाळी शलाका रडली नव्हती. माणसं घरात जमली होती आणि ती कारखान्यात येऊन पेशींचं पाणी बदलत होती, कारण तिसरा दिवस होता. तेराव्यालाही ती रडली नाही. लोक तिला धीराची म्हणाले. धीर कसला, तिच्या लेखी तो कुठं गेलाच नव्हता. बोटं होती ना.

"सांगा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "सांगा, निरंजन गेला."

इरफाननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्याच्या हातातलं कोनमापक खाली पडलं, तो टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागला. शलाकानं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसून तीही रडली. दीड वर्ष राहिलेलं रडणं होतं ते, त्याला दुपार पुरली नाही.